आग रामेश्वरी

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण सहसा आगीविषयी वापरत नाही. दुखणे एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असे दाखवायचे असले म्हणजे ती तोंडी येते; सार्वजनिक कारभाराविषयी बोलताना तर हमखास येते. मात्र तिचा शब्दार्थच खरा व्हावा, असा प्रसंग वाढत्या शहराच्या टोकाला राहणाऱ्यांवर अधूनमधून येत असतो. तेथे रामेश्वर आणि सोमेश्वर यांच्यातले अंतर काही मिनिटांचेच असते, पण त्या मिनिटांवर कोणाचे घर, कोणाचा धंदा आणि क्वचित कोणाचा जीव टांगलेला असतो.

आम्ही राहतो ते डिंडोली हे सुरतेच्या अशाच एका टोकाला आहे. दिशाही आग्नेयच, हा योगायोग म्हणावयाचा. जळगावकडून येणारी रेल्वे शहरात शिरते ती याच बाजूने, आणि तिच्यातून उतरलेला खानदेश उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली असा रुळांच्या कडेकडेनेच वसत गेला. येथे मराठी शाळा आहेत, कानबाईचा उत्सव होतो, भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करता येते. आमचे गुजराती शेजारी बंबाला ‘लायबंबो’ म्हणतात. लाय म्हणजे आग. हा शब्द ऐकला की आपल्या ‘लाहीलाही’ची आठवण होते. आमच्या पिढीच्या मराठी घरांत बंब म्हटले की आधी न्हाणीघरातला तांब्याचा बंब डोळ्यांसमोर येई, ज्याच्या पोटात आग आणि भोवती पाणी. रस्त्यावरचा बंब त्या मानाने उशिरा ओळखीचा झाला, आणि डिंडोलीत आल्यावर तर फारच जवळून ओळखीचा झाला.

सुरत आणि आग म्हटले की मराठी मनाला १६६४ सालचा जानेवारी आठवतो. शिवछत्रपतींच्या त्या स्वारीत शहरात लागलेल्या आगींचे वर्णन इंग्रज वखारवाल्यांनी लिहून ठेवले आहे. पण सुरतेला खऱ्या अर्थाने होरपळून काढले ते त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी, आणि तेही कोणत्याही सैन्याने नव्हे. २४ एप्रिल १८३७ रोजी सायंकाळी माछलीपीठ भागातील एका घरात आग लागली आणि ती तीन दिवस शहरभर फिरली. नऊ हजारांहून अधिक घरे गेली, पाचशेच्या वर माणसे दगावली. लाकडी सांगाड्यांची घरे, चिंचोळ्या गल्ल्या आणि उन्हाळ्याचा वारा एवढे तिला पुरेसे झाले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला आणि उरलेसुरले शहरही खचले. सुरतेला नगरपालिका मिळाली ती १८५२ मध्ये. म्हणजे शहर जळाले तेव्हा आग विझवणे हे कोणाचे काम आहे, हेच ठरलेले नव्हते. ज्याचे घर पेटले त्याचे आणि ज्याच्या घरी विहीर असेल त्याचे, एवढीच काय ती व्यवस्था.

आज ते काम कोणाचे हे निःसंशय ठरलेले आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात अग्निशमन सेवा नागरी संस्थांकडे सोपवण्याच्या विषयांत स्पष्ट शब्दांत घातली आहे. शंका कामाविषयी नाही. ते काम शहराच्या वाढीबरोबर कसे धावायचे, याविषयी आहे. सुरत महानगरपालिकेचे क्षेत्र २००६ पर्यंत ११२ चौरस किलोमीटर होते. त्या वर्षी ते एकदम ३२६ झाले आणि २०२० मध्ये सचिन, कनकपूर व आजूबाजूची गावे आत आल्यावर ४६२ झाले. लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २४ लाख होती, ती २०११ च्या जनगणनेत ४४ लाखांच्या पुढे गेली. चौदा वर्षांत चौपट झालेल्या अंगाला पहिला सदरा पुरत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

मुगलीसरा, घांचीशेरी, नवसारी बाजार ही जुन्या गावातली अग्निशमन केंद्रे. मुगलीसरा ही तर शहाजहानच्या काळातली सराई. महापालिकेचे मुख्य कार्यालय आजही तेथेच आहे. पुढे शहर जसजसे बाहेर सरकले तसतशी केंद्रेही मागोमाग गेली: मजुरा, मानदरवाजा, कतारगाम, अडाजण, डुंभाल, भेस्तान, डिंडोली, वेसू, कोसाड. ही नावे ओळीने वाचली तर सुरत कोणत्या दिशेने कशी वाढली, याचा इतिहासच वाचल्यासारखे वाटते. फक्त तो इतिहास नेहमी काही वर्षे मागे असतो.

हे असे का व्हावे, याचे आम्हांला फार दिवस कुतूहल होते. कारण कायद्याने पाहिले तर क्रम उलटा आहे. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात नगररचना योजनेची, म्हणजे बोलीतल्या ‘टीपी’ची, मोठी सोयीची पद्धत आहे. एका पट्ट्यातल्या सगळ्या शेतमालकांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते, बागा व इतर सार्वजनिक कामांसाठी त्यांतून काही भाग कापून घ्यायचा आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी भूखंड आखून ज्याचे त्याला परत द्यायचे. सामाजिक सोयींसाठी पाच टक्के जमीन असे ज्या कलमात म्हटले आहे, त्यात शाळा, दवाखाना यांच्याच ओळीला अग्निशमन दलाचे नाव आहे. म्हणजे कागदावर माणसांच्या आधी बंब आलेला असतो. ऊस अजून उभा असतो आणि त्यातल्या एका कोपऱ्यावर बंबाचा हक्क लागलेला असतो.

प्रत्यक्षात मात्र आधी रस्ता येतो, मग इमारती, मग नळ आणि गटार, मग शाळा, आणि सर्वांत शेवटी केंद्र. याचे कारण जमीन किंवा इमारत नव्हे. गाडीचा खर्चही एकदाच करावयाचा असतो. केंद्र चालवायचे म्हणजे तीन पाळ्यांत माणसे हवीत, दिवाळीच्या रात्रीही हवीत, आणि महिनाभर एकही घंटा वाजली नाही तरी हवीत. काहीच न घडल्याबद्दल पगार द्यावा लागतो असे हे खाते आहे, आणि अंदाजपत्रकात अशा खात्याची बाजू मांडणे अवघड जात असावे. मुले शाळेवाचून घरी बसली की पालक मोर्चा काढतात. न लागलेल्या आगीसाठी मोर्चा निघाल्याचे आम्ही तरी ऐकले नाही.

शहरी भागात साधारण दहा चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे आणि पहिली गाडी पाच-सात मिनिटांत पोचावी, असा केंद्रीय सल्लागार समितीचा जुना दंडक आहे. हे आकडे कोठून आले असतील, हे ताडून पाहण्यासाठी आम्ही एकदा वहीत हिशेब मांडला. दहा चौरस किलोमीटरचे वर्तुळ काढले तर त्याची त्रिज्या पावणेदोन किलोमीटरांच्या किंचित वर येते. रस्ते वाकडेतिकडे असल्याने तेच अंतर अडीच किलोमीटर धरावे. ताशी तीस किलोमीटरने बंब निघाला तर बरोबर पाच मिनिटे. हिशेब जुळतो. ४६२ चौरस किलोमीटरांना याप्रमाणे सेहेचाळीस केंद्रे लागतील; तेवढी सुरतेत नाहीत. पण दंडक पुरा झाला असता तरी वर्तुळाचा एक दोष उरतोच. नकाशावर कंपासाने काढलेली रेघ रेल्वेचे रूळ आणि खाडी बिनदिक्कत ओलांडते. बंबाला पूल शोधावा लागतो. आमच्या बाजूला रूळ आणि खाडी दोन्ही आहेत. आणि ताशी तीसचा वेग संध्याकाळी सात वाजता, कारखान्यांची पाळी सुटलेली असताना, कोणत्या रस्त्यावर मिळतो ते आम्हांला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट त्या वर्तुळात बसत नाही. डिंडोली-लिंबायतच्या सोसायट्यांतील घरे बारा-पंधरा फूट रुंदीची, एकाला एक चिकटलेली, वर मजला, त्यावर पत्रा. नकाशात हा भाग निवासी म्हणून दाखवतात. पण दुपारी कोणत्याही गल्लीतून चालत जावे. उंबऱ्याशी, ओट्यावर, जिन्यात बायका साड्या घेऊन बसलेल्या असतात. टिकल्या लावणे, खडे चिकटवणे, लेस शिवणे, सुटे धागे कापणे हे काम रिंगरोडच्या बाजारातून गठ्ठ्यांनी घरोघर येते आणि नगावर मजुरी ठरते. साड्या सिंथेटिक. तो कपडा पेटतो तेव्हा आधी वितळतो, आणि त्याची जळती टिपे जेथे पडतात तेथे नवी आग लागते. चिकटवायचा डिंक तर पेट घ्यायला टपलेलाच असतो. पलीकडे स्वयंपाकाचा गॅस. म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो ते बाजाराच्या गोदामाचे एक लहानसे दालन असते. फक्त त्याला गोदामाचा परवाना नसतो, विमा नसतो आणि दारात लाल बादली नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीत असेच एक घर पेटले. मार्गशीर्षातली संध्याकाळ होती. विजेच्या बोर्डातून ठिणगी उडाली आणि खालच्या खोलीतल्या गठ्ठ्यांनी पेट घेतला. कोणीतरी लगेच १०१ ला फोन लावला. आमच्या घड्याळाने आठव्या मिनिटाला बंब मोठ्या रस्त्यावर आला, आणि कोणाचीही तक्रार नसावी इतके हे चोख होते. पण गल्लीच्या तोंडाशी एका लग्नाचा मांडव होता. जवानांनी तो सोडवला, बाजूच्या दुचाक्या उचलून ठेवल्या, तरीही गाडी आत जाईना. मग नळ्यांना नळ्या जोडत ते चालत आत आले. पाण्याची पहिली धार भिंतीवर पडली तेव्हा विसावे मिनिट चालू होते. त्या बारा मिनिटांत घरातली म्हातारी गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर आणली गेली, ती वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांनी एक जुना दरवाजा आडवा टाकून. जीवितहानी झाली नाही. साड्या मात्र एकही उरली नाही.

आमच्या मते त्या आगीची खरी गोष्ट येथून सुरू होते. माल व्यापाऱ्याचा होता, आणि त्याने त्याची किंमत मजुरीतून वळती करून घेतली. पुढले वर्ष-सव्वा वर्ष त्या घरातल्या तिघी बायकांनी जवळजवळ फुकट टिकल्या लावल्या. त्यांतली मोठी सून एकदा आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला आली होती. ती म्हणाली, “काका, घर आमचं जळलं आणि भरपाईपण आम्हीच देतोय.” अर्ज कोणाला लिहायचा, हे तिला ठाऊक नव्हते आणि आम्हांलाही सुचेना. आगीच्या कागदावर ‘घरसामान’ एवढाच शब्द होता. व्यापाऱ्याचा माल घरसामान होऊन जळाला, आणि जळाल्यावर पुन्हा व्यापाऱ्याचा झाला.

त्यानंतर शहराच्या एका केंद्रात जाण्याचा योग आला. घंटा वाजताच माणूस थेट उभा राहून चढवू शकेल अशा रीतीने विजारीचे पाय गमबुटांवर गुंडाळून ठेवलेले असतात, ते तेथे प्रथम पाहिले. शिरपूरकडचा एक तरुण जवान आमच्याशी मराठीत बोलत होता. साध्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी असते, आणि एकाच नळीने मारा केला तरी ते दहा मिनिटांच्या आसपासच पुरते, हे त्याने सांगितले तेव्हा आम्ही चकित झालो. दुसरी गाडी निघाली पाहिजे ती पहिलीचे पाणी संपल्यावर नव्हे, तर पहिली निघतानाच. “काका, लोक फोनवर ‘आग लागली’ एवढंच सांगून ठेवून देतात,” तो म्हणाला. “गल्ली केवढी, आत काय भरलंय, माणसं आहेत का, हे तिथं गेल्यावरच कळतं.” मकरसंक्रांतीला मांज्यात अडकलेले पक्षी, पावसात कोसळलेली झाडे, खाडीला पूर आला की लिंबायतेतल्या घरांतून होडीने काढायची माणसे, हे सगळे त्याच्याच पाळीचे काम. २००६ च्या ऑगस्टात तापीने शहर बुडवले तेव्हा आणि २०२५ च्या जूनमध्ये खाड्या तुंबल्या तेव्हा आग विझवणाऱ्यांचा बहुतेक वेळ पाण्यातच गेला. भिंतीवर १४ एप्रिलच्या अग्निशमन सेवा दिनाचा फलक होता. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, हे त्या मुलाला तोंडपाठ होते. त्याचे वरिष्ठ नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात शिकून आलेले. त्यालाही तेथे जायचे होते.

सुरतेत आगीविषयी बोलताना २४ मे २०१९ टाळून पुढे जाता येत नाही. सरथाणा जकातनाक्याजवळच्या तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालत. त्या दुपारी २२ जीव गेले, बहुतेक कोवळ्या वयाचे विद्यार्थी. जिन्याची वाट आगीने धरली आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. ती दृश्ये देशाने पाहिली. पहिल्या गाड्यांबरोबर वरपर्यंत पोचणारी शिडी नव्हती, खाली धरायला जाळे नव्हते, ही टीका त्यानंतर सर्वत्र झाली, आणि ती रास्तच होती. आम्हांला मात्र त्या जागेच्या नावाने फार दिवस छळले. जकातनाका म्हणजे शहराची वेस. गुजरातेतून जकात २००७ मध्येच गेली, नाका नावापुरता उरला, आणि वेशीबाहेरच्या शेतांत चार-चार मजले उभे राहिले. त्या मजल्यांना शहराची उंची आली होती. शहराची शिडी आली नव्हती. नंतर राज्यभर तपासण्या झाल्या, वर्गांना टाळी लागली, दाखल्यांची धावपळ उडाली. पाच वर्षे आणि एक दिवस उलटल्यावर, २५ मे २०२४ रोजी, राजकोटच्या खेळघरात २७ माणसे जळाली.

केंद्र जवळ असले म्हणजे सारे झाले, असा आमचा दावा मुळीच नाही. जानेवारी २०२० मध्ये पुणा-कुंभारिया रस्त्यावरचा रघुवीर मार्केटचा मनोरा एकाच महिन्यात दोनदा पेटला, तेव्हा पन्नासाहून अधिक बंब लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंगरोडवरचे शिवशक्ती मार्केट एक दिवसाहून अधिक काळ जळत राहिले आणि शेकडो दुकानांची राख झाली. मानदरवाजाचे केंद्र तेथून दूर नाही. आत माल ठासून भरलेला असला, धुराला बाहेर पडायला वाट नसली, तर शेजारचा बंबही शेजारी उभा राहून पाणी मारण्यापलीकडे फारसे काही करू शकत नाही. पण हा युक्तिवाद आमच्या गल्ल्यांना लावून ‘केंद्र जवळ आणून तरी काय होणार’ असे कोणी म्हणू लागले, तर ते आम्हांला मान्य नाही. बाजाराच्या मनोऱ्यात मालाचा ढीग आगीचे भवितव्य ठरवतो. बारा फुटी घरात आग पहिली चार-पाच मिनिटे एका खोलीचीच असते. तेथे दोन मिनिटे लवकर येणे म्हणजे एक खोली जळणे आणि तीन घरे जळणे यांतला फरक असतो. गल्लीत शिरू शकतील अशा लहान गाड्या असतात, त्या अशाच केंद्रांत उभ्या हव्यात. लांब शिडीची अवजड गाडी आमच्या काय कामाची?

हद्दीबाहेरच्यांचे तर आणखी कठीण. ऑक्टोबर २०२१ मध्ये कडोदऱ्याजवळ वरेली येथे एका पॅकेजिंग कारखान्याला पहाटे आग लागली. दोघे दगावले, सव्वाशेच्या आसपास कामगार वरून सुखरूप उतरवले गेले, आणि अग्निशमन दलाच्या त्या कामगिरीचे कौतुक व्हावे तेवढे थोडेच. पण ते गाव महापालिकेत नाही. ग्रामीण भागाला दंडक वीस मिनिटांचा आहे, आणि तो दंडक ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेते आणि गोठे असावेत, सहा-सहा मजली कारखाने नसावेत.

गेल्या हिवाळ्यात डिंडोलीच्या पलीकडे, नव्या टीपीच्या भागात, एका परिचितांच्या वास्तुशांतीला जाणे झाले. परतताना एका मोकळ्या भूखंडावर महापालिकेचा फलक दिसला: योजना क्रमांक, भूखंड क्रमांक आणि खाली उद्देश, ‘फायर स्टेशन’. मुले तेथे क्रिकेट खेळत होती. विटांचे यष्टी केलेले, सीमारेषा म्हणजे मांडववाल्याने रचून ठेवलेले बांबू. सभोवती अकरा-अकरा मजल्यांच्या चार इमारतींत दिवे लागलेले होते. आम्ही रिक्षावाल्याला सरळ घरी न नेता आधी जवळच्या चालू केंद्राच्या फाटकापर्यंत न्यायला सांगितले आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत बसलो. पुलावर थोडी गर्दी होती. सतरा मिनिटे लागली. बंबाला घंटा असते, लोक वाट देतात, म्हणून त्याची बारा धरू. भाडे देताना रिक्षावाल्याने विचारले, “येथे कोणाकडे जायचंय, काका?” आम्ही म्हटले, कोणाकडे नाही, फक्त किती वेळ लागतो ते पाहायचे होते. तो मूळचा पारोळ्याचा, त्याच नव्या इमारतींपैकी एकीत भाड्याने राहणारा. त्याने इंजिन बंद केले आणि किती मिनिटे झाली ते विचारले.